जुनी लेदर बॅग घरी नीट करायची आहे? सोलापूरच्या हवेत जमेल अशी रीत

जुनी लेदर बॅग हातात आली की आपल्याकडे बहुतेकांचा हात आधी खोबरेल तेलाच्या बाटलीकडे जातो. तेल चोळलं की दोन दिवस बॅग झकास दिसते. मग ती काळपट पडते, तिच्यावर धूळ चिकटते, उन्हाळ्यात खवट वास सुटतो आणि साडीला डाग पडतात ते वेगळंच. तेल नाही तर साबण, साबण नाही तर बुटाचं पॉलिश. मोबाइलवर व्हिडिओ बघायला जावं तर ते बहुतेक थंड नाहीतर दमट गावांतले. त्यांचं पाणी वेगळं, हवा वेगळी. इथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून बसलेला असतो, हवा कोरडी ठक्क, आणि बोअरचं पाणी असं जड की बादलीला पांढरी कड धरते. तीच कृती इथे तशीच्या तशी केली तर बॅग सुधारायच्या ऐवजी तडकते.

मी माझ्या, बहिणींच्या, शेजारणींच्या जुन्या बॅगा घरीच नीट करते. पुण्या-मुंबईहून कुणी वापरलेली बॅग आणली की ती आधी माझ्याकडे येते. ज्यांनी आजवर बॅगेवर ओल्या फडक्याशिवाय काही फिरवलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा: कातडं कोणत्या जातीचं आहे हे कळेपर्यंत, परीक्षेचा एक थेंब सोडला तर, बॅगेला पाणीसुद्धा लावू नका.

१. घेतानाच चार ठिकाणी बघा

पुण्याचा जुना बाजार असो, ऑनलाइन असो, नाहीतर नात्यातल्या कुणाची असो, बॅगेचा चेहरा बघून भुलू नका. दर्शनी बाजू सगळ्यात सोपी असते, ती पुसून निघते. बघायचं ते हे:

हँडल जिथे बॅगेला जोडलंय ती जागा. तिथलं कातडं ताणून चिरलेलं असेल तर ते घरी जमणारं काम नाही.

खालचे चार कोपरे. रंग उडालेला चालतो, रंग परत देता येतो. कातडं झिजून आतला पुठ्ठा किंवा दोरी दिसत असेल तर नको.

आतलं अस्तर. हात आत घालून खिशाच्या तळापर्यंत फिरवा. काही जुन्या बॅगांना आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. तो वर्षानुवर्षं कपाटात राहिला की चिकट होतो आणि बोटाला पापुद्रे लागतात. यावर इलाज नाही, अस्तरच बदलावं लागतं.

वास. बॅग उघडून नाक आत घाला, लाजू नका. कुबट वास म्हणजे बुरशी, कडवट म्हणजे सिगारेट, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास तर ओळखायला शिकवावा लागत नाही. हा शेवटचा सगळ्यात चिवट.

विकणारा मोठ्या ब्रँडचं नाव घेऊन किंमत सांगत असेल तर बिल, ब्रँडचं कार्ड, बॅग धुळीपासून झाकायची कापडी पिशवी, जे काही असेल ते मागा. देखभालीची चिठ्ठी असेल तर ती टाकून देऊ नका, कातड्याचा प्रकार बऱ्याचदा तिच्यावरच लिहिलेला असतो.

२. लेदर की रेक्झीन, आणि लेदर असेल तर कोणतं

बाजारात ‘प्युअर लेदर’ म्हणून विकलं जाणारं बरंच काही लेदर नसतं. ओळखायला काडेपेटी काढू नका. बॅगेच्या आत, खिशाच्या तोंडाशी किंवा पट्ट्याच्या टोकाशी कापलेली कड दिसते, ती बघा. खऱ्या चामड्याच्या कडेला तंतू दिसतात, मागची बाजू लवदार असते. रेक्झीनच्या कडेला वर प्लॅस्टिकचा पातळ थर आणि खाली विणलेलं कापड दिसतं. बोटाने दाबलं तर खऱ्या कातड्यावर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या उमटतात.

रेक्झीन किंवा पीयू (हेही प्लॅस्टिकचा थर दिलेलं नकली लेदरच) असेल आणि त्याची साल निघायला लागली असेल तर इथेच थांबा. वरचा थर एकदा सुटायला लागला की तो सुटतच जातो. त्याला क्रीम लावा, रंग लावा, काही उपयोग नाही. चामड्याच्या भुग्याचं ‘बाँडेड लेदर’ मिळतं, त्याचीही तीच गत.

खरं लेदर असेल तर पाण्याच्या थेंबाची परीक्षा करा. बॅगेच्या तळाला किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथे, बोटाने पाण्याचा एक थेंब ठेवा आणि मिनिटभर बघत बसा.

थेंब मण्यासारखा तसाच राहिला तर वर रंगाचा आणि संरक्षक थर आहे. ऑफिसच्या, कॉलेजच्या, रोज वापरायच्या बहुतेक बॅगा अशाच असतात. नवशिक्याने हीच हातात घ्यावी.

थेंब हळूहळू आत मुरला आणि तिथे गडद ठिपका पडला तर कातडं उघडं आहे. झाडाच्या सालीने कमावलेलं लेदरही या गटात येतं. हे आपल्याला नवं नाही. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. त्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा कोल्हापूर, सांगली, सातारा यांच्या जोडीला सोलापूर जिल्हाही त्यात होता. पावसात भिजलेल्या कोल्हापुरीचा तळ कसा काळा पडतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना उघड्या कातड्याच्या बॅगेवर पाणी सांडल्यावर काय होतं हे सांगायला नको. अशी बॅग कोरडीच साफ करायची, पाणी फार तर दमट फडक्यापुरतं, आणि तेही सगळ्या अंगाला सारखं.

लवदार स्वेड किंवा नुबक असेल तर पाणी, क्रीम, तेल, पॉलिश काहीच नाही. मऊ ब्रश आणि शाळेतला पांढरा खोडरबर, एवढ्यावर जितकं निघेल तितकंच.

३. सामान

जुने पांढरे टेरी नॅपकिन चार-पाच. सोलापूरच्या घरात याची वानवा असेल असं वाटत नाही. पांढरेच घ्या, का ते पुढे कळेल.
मऊ केसांचा बुटाचा ब्रश, कोरा. शिवणीसाठी लहान मुलांचा दातांचा ब्रश.
आरओचं किंवा जारचं पाणी, तांब्याभर पुरतं.
लेदर क्लीनर, नाहीतर बेबी शाम्पू.
रंग नसलेलं लेदर कंडिशनर किंवा लोशन.
कॉर्नफ्लोअर, कापूस, टूथपिक, कान कोरायच्या कापसाच्या काड्या.
आयसोप्रोपिल अल्कोहोल, औषधाच्या दुकानात मिळतं. लागेलच असं नाही.
रंग द्यायचा असेल तर लेदरसाठी बनवलेला ॲक्रिलिक रंग, त्याचाच फिनिशर (रंगावर द्यायचा संरक्षक थर), आणि ६०० व १००० नंबरचा पॉलिश पेपर.

सुरुवात करण्याआधी उजेडात बॅगेचे चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. मध्येच ‘हा डाग आधीपासून होता का?’ असा प्रश्न हमखास पडतो.

४. आधी आतून, तेही कोरडं

बॅग रिकामी करा, सगळ्या चेन उघडा, उलटी धरून झटका. मग अस्तर जितकं बाहेर ओढता येईल तितकं ओढा. कोपऱ्यात धूळ, सुपारीचा चुरा, बिलांचे तुकडे आणि पेनच्या टोपणाचा एखादा तुकडा निघणारच. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर चांगलं, नसेल तर ब्रश पुरे.

अस्तर कापडी असेल तर ते बाहेर काढलेल्या स्थितीतच दमट नॅपकिनने पुसा. धुवायच्या फंदात पडू नका. अस्तरातून पाणी आतल्या पुठ्ठ्यात गेलं की पुठ्ठा फुगतो आणि बॅगेचा तळ कायमचा वाकडा होतो.

५. बाहेरून कोरडी सफाई

पूर्ण बॅग मऊ ब्रशने वरून खाली झाडा. शिवणीत, पट्ट्याच्या खाली, बक्कलच्या मागे. आपल्याकडची धूळ बारीक आणि खरखरीत असते. ती अंगावर असतानाच ओलं फडकं फिरवलं तर ती कातड्यावर घासली जाते आणि वरचा थर ओरखडतो. म्हणून ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी वगळायची नाही.

६. ओली सफाई

इथे जरा सावकाश वाचा, कारण बॅगा बिघडतात त्या बहुतेक इथेच.

कमावलेलं चामडं थोडं आम्लधर्मी असतं, त्याचा सामू साधारण ४ ते ५ च्या आसपास. कपड्याचा साबण, धुण्याचा सोडा, भांड्याची पावडर ही सगळी अल्कधर्मी. ती लावली की कातड्यातली कमावणीच्या वेळी मुरवलेली तेलं सुटायला लागतात आणि कातडं ताठर होतं. हा बदल त्याच दिवशी दिसत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी घडीवर चिरा दिसायला लागतात. त्यात आपलं जड पाणी. साध्या साबणाचा आणि जड पाण्यातल्या क्षारांचा मिळून पांढरट साका होतो, तो कातड्याच्या बारीक रेघांत बसतो आणि काळ्या बॅगेवर तर धुरकट डागच वाटतो. शाम्पूचा असा साका होत नाही, म्हणून बेबी शाम्पू.

वाटीभर आरओच्या पाण्यात शाम्पूचे तीन-चार थेंब टाका आणि ढवळून फेस करा. बॅगेवर फक्त फेस जाऊ द्यायचा, पाणी नाही. नॅपकिनचं टोक फेसात बुडवा, घट्ट पिळा. हाताला दमट लागलं पाहिजे, ठिबकता कामा नये.

तळापासून सुरू करा. एका वेळी तळहाताएवढी जागा, हलक्या हाताने गोल गोल. तेवढी जागा झाली की लगेच नुसत्या आरओच्या पाण्यात पिळलेल्या दुसऱ्या नॅपकिनने फेस टिपून घ्या आणि तिसऱ्या कोरड्या नॅपकिनने पुसा. मग पुढची जागा. मे महिन्यात दुपारी हे काम काढलं तर फेस टिपायच्या आत वाळतो आणि त्याच्या कडा उमटतात. पहाटे किंवा दिवेलागणीनंतर करा.

आता पांढऱ्या नॅपकिनचं कारण. प्रत्येक वेळी नॅपकिन उलटून बघा. राखाडी, मातकट, तेलकट पिवळं येत असेल तर तो मळ आहे, चालू ठेवा. नॅपकिनवर बॅगेचाच रंग दिसायला लागला, म्हणजे लाल बॅगेचा लाल किंवा टॅन बॅगेचा नारिंगी-तपकिरी, की हात तिथेच थांबवा. रंगीत फडक्यावर हे कळत नाही.

हँडल सगळ्यात मळकट असतं. त्यावर हाताचं तेल, घाम, क्रीम असा वर्षांचा थर असतो आणि तो एका फेरीत निघत नाही. दोन-तीन वेळा करा, पण एकाच दिवशी नाही. मध्ये पूर्ण वाळू द्या.

आमच्याकडे रेशमी साड्यांना रिठ्याचं पाणी वापरतात, ते बॅगेला चालेल का असं एका काकूंनी विचारलं. रिठा सौम्य आहे, थोडा आम्लधर्मीही आहे, गडद तपकिरी किंवा काळ्या बॅगेला चालून जातं. फिकट बॅगेला नको, त्याचा स्वतःचाच पिवळसर रंग बसतो.

आणि जे अजिबात लावायचं नाही ते: नेलपेंट रिमूव्हर, सॅनिटायझर, टूथपेस्ट, लिंबू, खायचा सोडा चोळून, फरशी पुसायची द्रावणं. पहिली दोन तर मळाबरोबर बॅगेचा रंगही उचलून आणतात.

७. डाग

तेल. डब्यातून शेंगाचटणीचं तेल गळून बॅगेला लागणं हा सोलापूरचा ठरलेला डाग. पुसू नका, पसरेल. आधी कोरड्या कापसाने टिपा, मग त्यावर कॉर्नफ्लोअरचा जाड थर घालून रात्रभर ठेवा. सकाळी झाडून पुन्हा घाला. पीठ पिवळसर निघत असेल तोवर काम चालू आहे. जुना, आत मुरलेला तेलाचा डाग मात्र पूर्ण जात नाही, फिका होतो.

हळद आणि कुंकू. हळदीच्या डागावर साबण लावला की तो पिवळ्याचा लाल होतो, कारण हळदीला अल्क लागलं की ती लालच होते. पारंपरिक कुंकू हळदीत चुना घालून करतात ते याच गुणावर. त्यामुळे साबण बाजूला ठेवा. दमट नॅपकिनने टिपता येईल तेवढं टिपा आणि बॅग खिडकीजवळ, ऊन थेट लागणार नाही अशा उजेडात ठेवा. हळदीचा रंग उजेडाने उडतो. आठ-दहा दिवसांत फरक दिसतो.

पेनची शाई. थर असलेल्या लेदरवर ताजी रेघ असेल तर कापसाच्या काडीच्या टोकाला अल्कोहोल लावून फक्त टेकवा, घासू नका, आणि प्रत्येक टेकवणीला नवी काडी घ्या. जुनी शाई असेल तर तिच्या मागे लागू नका. उघड्या कातड्यावर तर हे करूच नका.

बुरशी. मुंबई-कोकणातून आलेल्या बॅगेवर पांढरे-हिरवट ठिपके असतात. तोंडाला मास्क बांधा, बॅग गच्चीवर सावलीत न्या आणि कोरड्या ब्रशने झाडा. तो ब्रश दुसऱ्या बॅगेला वापरू नका. नंतर थर असलेल्या लेदरवर अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन दमट फडकं फिरवा, आधी कोपऱ्यात रंग उतरतो का ते बघून. अस्तर बाहेर ओढून सकाळच्या कोवळ्या उन्हात अर्धा तास धरलं तर चालतं. कातड्यावर ऊन येऊ देऊ नका.

८. वाळवणे

आपल्याला सवय कुठलीही ओली वस्तू गच्चीवर टाकायची, आणि गच्चीचं ऊन दोन तासांत वाळवतंही. बॅग मात्र तिकडे न्यायची नाही. पाणी झपाट्याने उडालं की कातडं आक्रसतं, तंतू ताठर होतात आणि रंगही उडतो. हेअर ड्रायरचंही तेच.

बॅगेत जुने टॉवेल भरून तिला मूळ आकार द्या. छापील वर्तमानपत्र भरू नका, फिकट अस्तरावर शाई उतरते. मग खोलीत, पंख्याच्या थेट झोताखाली नाही अशा जागी, चेन उघडी ठेवून एक पूर्ण दिवस सोडा. कूलर असलेली खोली टाळा. एरवी सोलापूरच्या कोरड्या हवेत बुरशीची फारशी भीती नसते, पण कूलरच्या समोर रोज रात्री दमट झोत खाणारी बॅग आठवड्याभरात कुबट वास देऊ शकते.

९. वास घालवणे

यात घाई चालत नाही आणि अत्तर तर मुळीच नाही. अत्तराचा आणि सिगारेटचा वास मिळून जे होतं ते दोन्हीपेक्षा वाईट. मोठ्या झाकणाच्या डब्यात बॅग तोंड उघडं ठेवून ठेवा, बाजूला वाटीत खायचा सोडा किंवा कोळसा ठेवा, बॅगेला लागू देऊ नका. दोन-तीन दिवसांनी सोडा बदला. मध्ये मध्ये बॅग बाहेर काढून सावलीत वारा द्या. कुबट वास लवकर जातो, डांबराच्या गोळ्यांना काही आठवडे लागतात.

१०. कंडिशनर

कातडं पूर्ण वाळल्यावरच. हरभऱ्याएवढं कंडिशनर नॅपकिनवर घ्या, बॅगेवर थेट ओतू नका. पातळ हात फिरवा, वीस मिनिटं थांबा, जास्तीचं पुसून टाका. कातड्याने सगळं पिऊन टाकलं आणि पुन्हा कोरडं वाटलं तर दुसऱ्या दिवशी अजून एक हात. बोटाला चिकट लागलं तर जास्त झालंय.

खोबरेल किंवा मोहरीचं तेल इथे का नको, तर लोशनमध्ये तेल पाण्यात फेटलेलं असतं, ते थोड्या प्रमाणात तंतूंमध्ये शिरून बसतं. नुसतं तेल जिथे पडेल तिथे जास्त मुरतं, कातडं गडद आणि ढिलं करतं. बुटाचं काळं पॉलिश तर बॅगेला नकोच, बूट कुणी कमरेला टेकवत नाही पण बॅग टेकते.

सोलापूरसाठी माझा हिशेब वर्षातून दोन वेळा: होळीच्या आसपास, उन्हाळा पेटायच्या आधी, आणि दिवाळीनंतर थंडीची कोरडी हवा सुरू झाली की. रोज वापरात असलेल्या हँडलला एखादी फेरी जास्त. स्वेड, पेटंट लेदर (काचेसारखं चकचकीत असतं ते) आणि रेक्झीनला कंडिशनर लावायचं नाही.

बऱ्याच बॅगा इथे पूर्ण होतात. रंग द्यायलाच हवा असं काही नाही, आणि जुनेपणाची थोडी छटा असलेली टॅन बॅग मला नव्या रंगवलेल्या बॅगेपेक्षा जास्त आवडते.

११. रंग, हवाच असेल तर

कोपरे आणि कडा पांढुरक्या झाल्या असतील तेवढ्यापुरतं आधी बघा. फिकट झालेल्या कोपऱ्याला त्याच रंगाचं लेदर क्रीम पुष्कळदा पुरतं. रंग उडून खालचं कच्चं कातडं दिसत असेल तेव्हाच ॲक्रिलिक लेदर रंग काढा. भिंतीचा, कापडाचा किंवा स्प्रेचा रंग लेदरसाठी केलेला नसतो, वाकणाऱ्या जागी तडकतो. उघड्या कातड्याच्या बॅगेला हा रंग दिला की तिचं मूळ रूप परत येत नाही, त्यामुळे तिला नकोच.

जिथे रंग द्यायचा तिथलं जुनं पॉलिश अल्कोहोलच्या कापसाने हलकेच उतरवा. उभे राहिलेले तंतू ६०० च्या पेपरने, मग १००० च्या पेपरने बसवा, जोर न लावता. भुगा पुसा. आजूबाजूचे धातूचे भाग आणि शिवण चिकटपट्टीने झाका.

रंग जुळवणं हे खरं काम. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग सकाळी खिडकीपाशी वेगळाच दिसतो, म्हणून दिवसाच्या उजेडात जुळवा. बाटलीतला तपकिरी क्वचितच तुमच्या बॅगेचा तपकिरी असतो. फार लालसर वाटला तर हिरव्याचा एक थेंब, फार फिका वाटला तर गडद तपकिरी. काळा शेवटी, टूथपिकच्या टोकाने, कारण काळा एक थेंबही जास्त झाला की परत फिरता येत नाही. तळाला ठिपका देऊन वाळू द्या आणि मगच ठरवा. वाळल्यावर रंग बहुधा थोडा गडद होतो.

स्पंजच्या तुकड्याने टिपून टिपून अगदी पातळ थर द्या. पहिल्या थरात खालचं दिसत राहणारच, दिसू द्या. दोन थरांत अर्धा तास जाऊ द्या. तीन-चार पातळ थर एका जाड थरापेक्षा कितीतरी टिकाऊ. आपल्या उन्हाळ्यात रंग स्पंजवरच वाळायला लागतो, तेव्हा थोडासाच काढून घ्या आणि पाण्याचा एखादा थेंब मिसळा.

शेवटी फिनिशर, दोन पातळ थर. बॅगेची मूळ चमक मॅट असेल तर मॅटच घ्या, नाहीतर दुरुस्त केलेला कोपरा दुरून चकाकतो. एक-दोन दिवस वापरू नका. फिनिशर टाळला तर पहिल्याच पांढऱ्या कुर्त्यावर रंग लागतो.

१२. धातू, चेन, शिवण

बक्कल आणि कड्या भरीव पितळेच्या आहेत की मुलामा दिलेल्या ते लोहचुंबकाने बघा. चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे. नाही चिकटला म्हणून पितळ असेलच असंही नाही, स्वस्त मिश्रधातूही असतो. मुलाम्यावर पितांबरी घासली की मुलामा जातो, तिथे फक्त कोरडं मऊ फडकं. भरीव पितळ असेल आणि ती कडी सुटी काढता येत असेल तरच पितांबरी. पितळी रिव्हेटच्या भोवती कधीकधी हिरवा, मेणासारखा चिकट साका दिसतो. कातड्यातली तेलं आणि तांबं यांचं ते मिश्रण असतं. टूथपिकने खरवडून काढा, पाणी लावू नका.

चेन अडत असेल तर दातांवर मेणबत्ती फिरवा. चेन लागूनही मागून उघडत असेल तर बहुधा रनर, म्हणजे चेनचा सरकणारा भाग, सैल झालाय. पक्कडीने त्याच्या दोन्ही बाजू मागच्या टोकाला किंचित दाबा, किंचितच. रनर बदलायचा असेल तर त्याच्या मागे ३, ५, ८ असा आकडा असतो, तो बघून जा. शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने गावात भरपूर, त्यामुळे रनर, चेन आणि दोरा मिळायला सोलापुरात अडचण येत नाही.

शिवण उसवली असेल तर जुन्याच भोकांतून, दोन सुया दोन्ही बाजूंनी घालत, पॉलिस्टरच्या जाड दोऱ्याने शिवा. घरच्या मशीनवर घेऊ नका. नवी भोकं पडली की कातडं टपाल तिकिटाच्या कडेसारखं त्या रेषेत फाटतं.

१३. गटई स्टॉलवर काय न्यायचं

हँडलचं मूळ तुटलंय, तळाचा पुठ्ठा गेलाय, चेन पूर्ण बदलायची आहे, कातड्याचा तुकडा जोडायचा आहे: ही कामं गटई कामगाराचीच. त्यांच्या हातात आरी आणि अनुभव दोन्ही असतं. फक्त जाताना दोन गोष्टी आधीच सांगा. एक, ‘काका, वरून पॉलिश मारू नका’, कारण प्रेमाने शेवटी ब्रश फिरवायची त्यांना सवय असते. दुसरं, चिकटवायचं ‘सोल्युशन’ बाहेरच्या बाजूला येऊ देऊ नका. चिरा भरून द्या म्हटल्यावर आमच्या चौकातल्या काकांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, ‘ताई, भरून देतो की, पण वाकतंय तिथं परत उघडणार बघा.’ असा माणूस मिळाला तर त्याला धरून राहा.

पैसे आधी ठरवा. दुरुस्ती बॅगेच्या किमतीच्या निम्म्यावर जायला लागली तर मी ती बॅग सोडून देते, आईची किंवा आजीची असेल तर गोष्ट वेगळी.

१४. ठेवायची कशी

लोखंडी कपाटात टांगून नको, पट्टा ताणला जातो. आडवी किंवा उभी ठेवा, आत टॉवेल भरून. पट्टा बॅगेच्या आत दुमडू नका, बाहेर सैल सोडा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका. जुनी सुती उशीची खोळ उत्तम. डांबराच्या गोळ्या त्या कपाटात असतील तर बॅग दुसरीकडे हलवा. उन्हाळ्यात दुपारी बंद गाडीच्या मागच्या सीटवर बॅग सोडून बाजारात जाऊ नका. आणि वापरात नसलेली बॅग महिन्यातून एकदा बाहेर काढून झटका, त्याच वेळी हँडलच्या खालची बाजू बोटाने चाचपून बघा. कोरडेपणा आधी तिथेच जाणवतो.